मागच्या रांगेतला मावळा

‘लवकर’ आणि ‘चांगले’ या दोन शब्दांचे हाडवैर आहे, अशी आपली एक जुनी समजूत आहे. सावकाश केलेले ते चांगले आणि झटपट उरकलेले ते वरवरचे, असे आपण धरून चालतो. वस्तू एकच करायची असेल तर ही समजूत शोभूनही दिसते. पण वस्तू साठ असल्या आणि हाताशी संध्याकाळी दोनच असल्या, तर माणसाने काय करावे?

दिवाळीचा किल्ला हा मुख्यतः पुण्याकडचा, घाटावरचा खेळ. आमच्या महागावाकडे मुलांचा खरा सण म्हणजे तान्हा पोळा. लाकडी बैल सजवून दारोदार मिरवायचे. पण माणसे प्रवास करतात, तसे सणही करतात. गेल्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला तो न रंगवलेल्या मावळ्यांची पिशवीच घेऊन. बोटाएवढे साठ मावळे! शेजारची मुले जमली. आमची काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून किल्ल्यावर मुरमाचा थर चढला, आणि मग फौज रंगवायला घेतली.

भाच्याने पहिला मावळा मोठ्या निगुतीने रंगवला. अर्धा तास लागला. साठांना तीस तास, हा हिशेब मुलांनीच केला आणि सगळ्यांचे चेहरे पडले. तेव्हा आम्ही रीत बदलली. एकेक मावळा पुरा करण्याऐवजी एकेक रंग पुरा करायचा. आधी साठांचे अंगरखे, मग साठांचे चेहरे, मग पागोटी, मग ढाली. रंग एकदाच कालवायचा, कुंचला एकदाच धुवायचा. आणि साठाव्याला हात लागेपर्यंत पहिला वाळलेला असतो. शेवटी पातळ तपकिरी रंगाचा एक हात दिला की तो चुण्यांत जाऊन बसतो आणि सावली आपोआप पडते.

ही युक्ती काही आमची नव्हे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत कामाची अशीच वाटणी असते. अंगाचा रंग एकाने द्यावा, पितांबर दुसऱ्याने, आणि डोळ्यांची आखणी तेवढी मुरलेल्या हाताकडे राखून ठेवावी. गेम्स वर्कशॉप या इंग्रजी कंपनीचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ १९८३ साली निघाला. त्यातल्या राक्षसांच्या आणि बुटक्यांच्या काल्पनिक फौजा चांगली मोठी माणसे घरी बसून रंगवतात, आणि तीही बहुधा याच क्रमाने.

यावरून मला घाई आणि वेग यांतला भेद उमगला. घाई प्रत्येकाचे थोडे थोडे चोरते. वेग जे सर्वांना समान आहे ते एकदम उरकतो, आणि वाचलेला वेळ प्रत्येकाच्या स्वतःच्या अशा एका गोष्टीसाठी राखून ठेवतो. मावळ्याच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे डोळे. ते घाऊक काढता येत नाहीत. तिथे कुंचला थांबवून एकेकाकडे पाहावेच लागते.

डोळ्यांची पाळी आली तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, मागच्या रांगेतल्यांना डोळे कशाला? ते कोणाला दिसणार आहेत?”

मी उत्तर जुळवीत होतो, तोच शेजारची चिमुरडी म्हणाली, “आपल्याले नाही दिसनार, पन त्याले तं दिसलं पाह्यजे ना!”

नीतिशास्त्राचा हा सारा प्रश्न तिने एका वाक्यात निकालात काढला. चीनमध्ये शिआनजवळ १९७४ साली एका सम्राटाची मातीची फौज सापडली. त्यात सुमारे ८,००० सैनिक असावेत, असा अंदाज आहे. हातपाय साच्यांतले, पण चेहरे मात्र वेगवेगळे कोरलेले. वर रंगही दिलेला. आणि हे सारे जमिनीखाली पुरण्यासाठी! मात्र तिथे कामावर देखरेख करणाऱ्यांची नावे मातीत उमटवलेली आढळतात, म्हणजे चुकणाऱ्याला हुडकण्याची सोय होती. धाकानेही काम चांगले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या मुलीवर कोणाचा धाक होता? तिने पाहणाऱ्याच्या जागी मावळ्याला बसवले, इतकेच.

मी जन्मभर मास्तरकी केली. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला निवांत वेळ देईन, असे म्हणणारा मास्तर स्वतःला फसवतो. फळ्यावरचे गणित साठांसाठी एकच असते, आणि ते तसेच असावे. पण हजेरी घेताना नाव उच्चारून मान वर करायची आणि त्या मुलाकडे पाहायचे, याला कितीसा वेळ लागतो? दवाखान्यातल्या डॉक्टरांपुढे, कचेरीतल्या कारकुनापुढे रांगा असतातच. त्या लांब असणे हा त्यांचा दोष नव्हे. प्रत्येकाला सारखा वेळ देणे कोणाच्याच हाती नसते. त्या क्षणभराच्या नजरेतून मात्र कोणालाही वगळू नये, एवढे प्रत्येकाच्या हाती असते.

वाचकहो, यंदा तुमच्या अंगणात किल्ला असेल, तर पुढच्या रांगेचे कौतुक पाहुणे करतीलच. तुम्ही जरा वाकून मागच्या रांगेकडे पाहा. तिथल्या मावळ्याला डोळे असतील, तर त्या घरातली मुले पुढे माणसांशीही नीट वागतील, असे मानायला हरकत नाही.