अण्णांचे दोन नियम

तालुक्याच्या एका गावी नगरपालिकेचा जलतरण तलाव होता. तलाव बांधला तेव्हापासून त्याची राखण अण्णांकडे. अण्णांचे नियम दोनच. सकाळी खोल भागात रुपयाचं नाणं टाकायचं. काठावरून ते स्पष्ट दिसलं तरच फाटक उघडायचं. आणि रात्री ठरलेल्या मापाची ब्लीचिंग पावडर टाकायची. सकाळी नाकाला झोंबणारा वास आला की पाणी शुद्ध समजायचं.

पुढे गाव वाढलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तलावात पाणी कमी आणि पोरंच जास्त दिसू लागली. कुणाचे डोळे लाल व्हायचे, कुणाला ठसका लागायचा. अण्णा म्हणायचे, "औषध कडक आहे, चालायचंच."

अखेर तलावाची नियमावली नव्याने करायचं ठरलं आणि आरोग्य निरीक्षक मॅडम आल्या.

"वास येतोय की, मॅडम! तपासायचं काय त्यात?"

मॅडमनी नळीत पाणी घेऊन एक गोळी टाकली. रंग जेमतेम गुलाबी झाला. "अण्णा, जंतू मारतो तो मोकळा क्लोरीन. लिटरला किमान १ मिलिग्रॅम तरी हवा. इथे जवळजवळ नाहीच." मग त्यांनी दुसरी गोळी टाकली. पाणी गडद गुलाबी झालं. "आणि हा घामाशी, लघवीशी जुळून खर्ची पडलेला. डोळे झोंबतात ते यानेच, वासही याचाच."

अण्णा खजील झाले. "म्हणजे मी मळाचा वास घेऊन फाटक उघडत होतो! मग माझे दोन्ही नियम मोडीत काढा."

"नाणं कशासाठी टाकता?"

"तळाशी पोर गेलं तर वरून दिसायला हवं. बुडणाऱ्याला ओरडायला श्वास नसतो, मॅडम."

नवा फलक लागला: आधी साबणाने अंघोळ, तुकडीत ठरावीकच माणसं, दर दोन तासांनी तपासणी, मोकळा क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम, सामू ७.२ ते ७.८, कारण सामू चढला की क्लोरीन असूनही लुळा पडतो. वासाचा नियम गेला. पण सगळ्यांत वर मॅडमनी लिहवून घेतलं: 'तळ दिसत नसेल तर तलाव बंद.' तपासणीची नळी त्यांनी अण्णांच्याच हाती दिली.

तात्पर्य: नियम जुना म्हणून कवटाळू नये आणि जुना म्हणून फेकूही नये. तो कशासाठी केला हे विचारावं, आणि ते काम आज होतंय का, हे मोजून पाहावं.