घरच्या मुलाचे माप

गेल्या हिवाळ्यात आमच्या हातून एक चूक घडली. ती लहानशी आहे असे प्रथम वाटले; पण ती मनातून जाईना, म्हणून वाचकांपुढे मांडीत आहोत.

बुऱ्हाणपुरातील ज्या शाळेत आम्ही शिकलो, तिच्या मैदानावर फुटबॉलचा सामना होता. शाळेचे माजी विद्यार्थी आणि एके काळचे खेळाडू म्हणून समालोचनाचे काम आमच्याकडे आले. उत्तरार्धात आमच्याच शाळेच्या गोलरक्षकाच्या हातून अगदी सोपा चेंडू निसटला व गोल झाला. आम्ही कर्ण्यावरून बोलून गेलो, की ह्या मुलाला केळीच्या बागेत राखणीला ठेवले तर एक घड उरायचा नाही. सारे मैदान हसले. पाहुण्या शाळेचे एक शिक्षक नंतर म्हणाले, "तुम्ही आपल्या शाळेचीसुद्धा भीड ठेवली नाहीत." ते ऐकून आम्हांला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर त्या मुलाची आई दारात थांबली होती. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही खोटं काही बोलला नाही. चेंडू सुटलाच. पण दुसऱ्या शाळेच्या पोराला तुम्ही असं बोलला असता का?"

आम्ही गप्प राहिलो. खरे उत्तर "नाही" असे होते.

माजी विद्यार्थ्याने आपल्याच शाळेच्या खेळाडूंवर चारचौघांत टीका करावी काय, आणि करावी तर कोणत्या मापाने, हा प्रश्न एका बुऱ्हाणपुराचा नाही. अमेरिकेत तर तो दर हिवाळ्यात उभा राहतो. तेथील महाविद्यालयीन फुटबॉल हा आपल्या फुटबॉलहून निराळा, लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या क्रीडांगणात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. कर्क हर्बस्ट्रीट हे त्याच विद्यापीठाचे खेळाडू. १९९२ साली ते संघाचे एक कर्णधार होते. १९९६ पासून ते दूरचित्रवाणीवर ह्या खेळाविषयी बोलत आले आहेत. ते आपल्या संघाची बाजू घेत नाहीत, उलट त्याला बोल लावतात, असा काही चाहत्यांचा राग. तो इतका वाढला, की २०११ साली ते कुटुंबासह कोलंबस शहर सोडून नॅशव्हिलला राहावयास गेले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्याच संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा बोलता बोलता त्यांना रडू आवरेना. ज्यांनी त्यांना परके ठरवले होते, त्यांनी ते अश्रू पाहिले असतील.

त्या चाहत्यांना आपल्या माणसाकडून भीड हवी होती. ती मागणे अन्यायाचे होते. समालोचकाच्या शब्दावर ऐकणारा विसंबतो. आपल्यांची चूक दिसूनही जो ती झाकतो, तो त्या विश्वासाला दगा देतो. इतकेच नव्हे, तर खेळाडूचाही तोटा करतो. कारण जी चूक कोणी दाखवीत नाही ती मुरते. तेव्हा मुकाट्याने बसणे हा ह्या प्रश्नाचा उलगडा नव्हे.

परंतु वाटेच्या दुसऱ्या बाजूसही खड्डा आहे, आणि आम्ही पडलो तो त्यात. मोशेच्या नियमशास्त्रात न्याय करणाऱ्याला बजावले आहे, की त्याने थोराचे तोंड पाहू नये आणि गरिबाचीही बाजू घेऊ नये. तराजू कोणत्याच अंगाला कलता कामा नये, मग कारण चांगले का असेना. घरच्या मुलाला झुकते माप देणे हा पक्षपात. आणि आपण पक्षपाती नाही हे जगाला दिसावे म्हणून त्याच मुलाला कमी माप देणे हादेखील पक्षपातच. फरक एवढाच, की पहिल्याची लोक निंदा करतात व दुसऱ्याची वाहवा करतात. त्या दिवशी निःपक्षपाती म्हणून नाव मिळाले ते आम्हांला. त्याची किंमत भरली एका पोराने.

मग घरच्याचे माप सारखे धरणे म्हणजे काय? सुनील गावसकर व सर्फराज खान हे दोघेही मुंबईच्या क्रिकेटचे. जानेवारी २०२३ मध्ये सर्फराजला भारतीय संघात घेतले नाही व त्याच्या शरीराविषयी चर्चा सुरू झाली, तेव्हा गावसकरांनी त्याची बाजू उघडपणे मांडली : माणूस धावांवरून निवडावा, बांध्यावरून नव्हे. मार्च २०२४ मध्ये धरमशाला येथे तोच सर्फराज ५६ धावांवर, चहापानानंतरच्या पहिल्याच चेंडूवर बाद झाला. तेव्हा त्याच गावसकरांनी त्याला समालोचनात सुनावले आणि प्रत्येक चेंडू शून्यावर असल्यासारखा खेळण्याची ब्रॅडमन यांची शिकवण सांगितली. गावसकरांचे बोलणे नेहमीच मऊ असते असे नाही. पण येथे कौतुकाचे व टीकेचे माप एकच होते, आणि टीका फटक्यावर होती, माणसावर नव्हती.

माणसावर शिक्का मारला की काय होते, तेही आपण पाहिले आहे. २०१९ च्या विश्वचषकाच्या वेळी संजय मांजरेकरांनी रवींद्र जडेजाला 'तुकड्या-तुकड्यांचा खेळाडू' म्हटले. जडेजाने, मी तुमच्या दुप्पट सामने खेळलो आहे, असे प्रत्युत्तर दिले. पुढे मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात त्याने ५९ चेंडूंत ७७ धावा काढल्या आणि मांजरेकरांनी आपण चुकलो हे मोकळेपणाने मान्य केले. ते मान्य करणे त्यांना शोभले. मात्र सामन्यांची संख्या मोजून बोलण्याचा हक्क ठरत नाही, हेही जडेजाच्या उत्तरासंबंधी म्हटले पाहिजे. हक्क ठरतो तो डोळसपणावरून.

घरच्या माणसाला हा डोळसपणा अधिक हवा, कारण परक्याला जे दिसत नाही ते त्याला दिसू शकते. आपल्या समाजाला अभिमान वाटावा असे विजय हजारे १९४३ साली ब्रेबॉर्न मैदानावर पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात 'इतर' संघाकडून खेळले. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या त्यांच्या होत्या. ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्या डावात ३०० धावांची एक भागी झाली, तीत त्यांचे बंधू विवेक ह्यांचा वाटा होता २१ धावांचा. नुसता धावफलक वाचणारा म्हणेल, हा काय खेळला? जाणता म्हणेल, हा उभा राहिला म्हणून तो खेळू शकला. घरच्या समालोचकाने असे २१ लोकांना दाखवून द्यावेत. आमच्या गोलरक्षकाने त्याच सामन्यात त्याआधी तीन कठीण चेंडू अडवले होते. त्यांविषयी आम्ही कर्ण्यावरून काय बोललो ते आम्हांला आठवत नाही. बहुधा काहीच नाही.

कोणी म्हणेल, हल्ली खेळाडूंना पैसा मिळतो, त्यांनी टीका सोसावी. अमेरिकेत जुलै २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करता येते व जुलै २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. पैसा घेणाऱ्याकडे कामाचा हिशेब मागावा, हे रास्तच. पण त्याची अब्रू त्या पैशात विकत घेतलेली नसते. आणि आमच्या पोराला तर सामन्यानंतर दोन केळी मिळाली होती.

ज्याला कठोर बोलायचे आहे त्याने थोडे ओझेही उचलावे. चंद्रकांत पंडित मूळचे मुंबईचे. त्यांच्या नेतृत्वाखाली आपला मध्य प्रदेश १९९९ साली बंगळूर येथे रणजी करंडकाचा अंतिम सामना हरला. पुढे ते प्रशिक्षक म्हणून परत आले आणि जून २०२२ मध्ये त्याच मैदानावर, मुंबईलाच हरवून, मध्य प्रदेशाने करंडक प्रथमच जिंकला. पंडितांची शिस्त कडक म्हणून प्रसिद्ध आहे. तरी मुले ती सोसत, कारण बोलणारा माणूस त्यांच्याबरोबर मैदानावर असे. आपल्या गावच्या कुंडी भंडाऱ्याचेही तसेच आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या भुयारातला थर काठावरून ओरडून निघत नाही. आत उतरावे लागते.

प्रभूने सांगितले आहे, की भावाचा अपराध प्रथम एकांतात त्याला दाखवावा. सामना चारचौघांत चालतो, तेव्हा समालोचकाला हे नेहमी जमणार नाही. पण ज्याने त्या मुलाशी एकांतात एकदाही चार शब्द बोललेले नाहीत, त्याने कर्ण्यावरून त्याच्याविषयी चाळीस शब्द बोलताना थबकावे. आमच्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांनाही हेच सांगावेसे वाटते. आपल्या वर्गातील स्वतःच्या मुलाला इतरांदेखत जास्त रागावून आपण न्यायी ठरत नाही. तो मुलगा मात्र न्यायावरचा विश्वास गमावून बसतो.

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. आम्ही शाळेत असताना खंडव्याच्या संघाविरुद्ध आमच्याही पायांमधून चेंडू गेला होता, ते त्याला सांगितले. कर्ण्यावर 'आमच्या वेळी' म्हणण्याची हौस असलेल्या आम्हांला हे त्या दिवशी आठवले नव्हते. त्याने विचारले, "मग तुम्हांला कोणी बोललं का?" आम्ही म्हटले, "मास्तर बोलले. सायंकाळी, मैदान रिकामे झाल्यावर. आणि मग काळोख पडेपर्यंत त्यांनी आमच्याकडे चेंडू मारले."

चूक कर्ण्यावर झाली होती, म्हणून पुढच्या सामन्याच्या आरंभी कर्ण्यावरच आम्ही त्याची क्षमा मागितली. तो त्या दिवशी खेळला नाही. कडेला उभा होता. पण आता आठवड्यातून दोन सायंकाळी तो मैदानावर येतो. चेंडू मारावयास आम्ही जातो. त्याचे अजून सुटतात, आणि ते आम्ही त्याला सांगतो.