वाद्य कोणाच्या होकाराने वाजते?

अकाई कंपनीच्या एमपीसी या संगीतयंत्रांची आजची पिढी संगणकाविना चालते. 2017 मध्ये एमपीसी लाइव्ह आणि एमपीसी एक्स आले, 2020 मध्ये एमपीसी वन आले. सोळा पॅड, एक टचस्क्रीन, आतच प्रोसेसर आणि मेमरी. अख्खे गाणे त्यावर बांधता येते. लॅपटॉप मिटून ठेवायचा, त्यातल्या सूचना आणि अपडेट खोलीबाहेर राहू द्यायचे आणि बोटांनी संगीत करायचे, या ओढीने अनेकजण या यंत्रांकडे वळले.

मग या यंत्रांतही प्लगिन, म्हणजे वाद्याचे किंवा आवाज घडवण्याचे काम करणारी सॉफ्टवेअर आली. संगणकासाठी विकत घेतलेला प्लगिन मात्र इथे जसाच्या तसा चालत नाही. आत एआरएम जातीचा प्रोसेसर आणि लिनक्सवर उभी प्रणाली असल्यामुळे तिच्यासाठी वेगळा बांधलेला प्लगिनच लागतो. तो घ्यायचा तर यंत्र वाय-फायला जोडायचे आणि कंपनीच्या खात्यात शिरायचे. पडद्यावर एक कोड उमटतो, तो फोनवरून संकेतस्थळावर भरायचा. तिकडून मंजुरी आली की सिंथेसायझर किंवा पियानो यंत्रात उतरतो. ध्वनिसंच मोठा असेल तर आतली जागा पुरत नाही, मेमरी कार्ड लावावे लागते.

ही उठाठेव एकदाच करायची असते, तिच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मला खटकते ते हे, की वाद्य समोर आहे, पैसे मोजून झाले आहेत, तरी त्याने वाजावे की नाही हे दूरचा एक सर्व्हर ठरवतो. आज तो हो म्हणतो. यंत्र बिघडून बदलले, कार्ड खराब झाले, तर पुन्हा त्याच्याच दारात जायचे. आणि तोवर ते दार उघडे असेलच असे नाही.

या यंत्रांचा इतिहासच याबाबत बोलका आहे. पहिले एमपीसी 60 हे 1988 सालचे. ते घडवणाऱ्या रॉजर लिन यांची स्वतःची कंपनी त्याआधीच, 1986 मध्ये बंद पडली होती. मूळ जपानी अकाई इलेक्ट्रिक कंपनी 2000 मध्ये कर्जात बुडाली. आज ते नाव दुसऱ्या समूहाकडे आहे. पण लिन यांची ड्रम मशिन्स आणि ती जुनी एमपीसी अजून वाजतात. फ्लॉपी घालायची, आवाज मेमरीत चढू द्यायचे, पॅडवर बोट मारायचे. कारखाना उरला आहे का, हे ते यंत्र कोणाला विचारत नाही. डेट्रॉइटचा हिप-हॉप संगीतकार जे डिला याने एमपीसी 3000 वर काम करताना ठोके आपोआप सरळ करणारी सोय अनेकदा बंद ठेवली आणि हाताचा किंचित पुढेमागे होणारा ताल तसाच राहू दिला. तो 2006 मध्ये गेला. त्याचे यंत्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ आफ्रिकन अमेरिकन हिस्ट्री अँड कल्चरच्या संग्रहात आहे. आजचा एखादा तितकाच गुणी मुलगा जी वाद्ये खात्यावर घेतो आहे, त्यांचे त्याच्यामागे काय व्हावे, हे आत्ताच ठरवायला हवे.

प्लगिन लिहिणाऱ्यांची बाजू खरी आहे. या व्यवसायात एकट्यादुकट्याने चालवलेल्या कंपन्या पुष्कळ आहेत. चोरून वापरलेली प्रत त्यांच्या पोटावर येते, आणि आपल्याकडच्या लहान स्टुडिओंत अशा प्रती किती सहज फिरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा परवाना असावाच. पण परवान्याचा अर्थ दर वेळी फोन करून विचारणे असा होत नाही. ॲमस्टरडॅमची फॅबफिल्टर कंपनी मजकुराच्या काही ओळींची एक किल्ली देते. ती चिकटवली की काम झाले, त्या वेळी इंटरनेट असण्याचीही गरज नाही. अमेरिकेतली व्हॅलहाला डीएसपी एक छोटीशी फाइल देते. ग्राहकावर असा विश्वास टाकूनही दोघांचा धंदा उत्तम चालला आहे.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. श्टाइनबर्ग या संगीत-सॉफ्टवेअर कंपनीची ई-लायसेन्सर ही परवाने साठवणारी यूएसबी किल्ली वर्षानुवर्षे स्टुडिओंत लागलेली होती. मे 2025 मध्ये तिची सेवा थांबली. किल्लीत आधीच असलेले परवाने चालतात. पण किल्लीच मोडली तर त्यातले जुने परवाने परत मिळवून देणारे तिथे कोणी नाही.

महाराष्ट्रात ऑर्केस्ट्रा, जागर, मिरवणूक यांवर पोट असणाऱ्या वादकांना हे लवकर जाणवेल. ऑक्टोपॅड आपल्याकडे हातोहात फिरतो. थोरल्याने नवा घेतला की जुना धाकट्याकडे येतो, आणि त्यावरच एखाद्या मुलाचा हात बसतो. प्लगिनवर चालणाऱ्या यंत्राचे तसे होणार नाही: वेगळा विकत घेतलेला प्लगिन बहुधा घेणाऱ्याच्या खात्याला बांधलेला असतो. यंत्र दुसऱ्याच्या हाती गेले तरी आतले वाद्य पहिल्याच्याच नावावर राहते. परवाना दुसऱ्याच्या नावावर करायची सोय काही कंपन्या देतात, काही शुल्क घेतात, काही देतच नाहीत. ज्याला नवे परवडत नाही त्याचाच शिकण्याचा रस्ता यात अडतो.

म्हणून यंत्र घेताना दुकानदाराला पॅडच्या संख्येइतक्याच आग्रहाने विचारावे: परवाना यंत्राला आहे की खात्याला? नेट नसताना, पेनड्राइव्हवर फाइल आणून तो चढवता येतो का? विकताना सोबत देता येतो का? आणि कंपन्यांकडे मागावे ते असे: सर्व्हर बंद करण्यापूर्वी एक अखेरचे अपडेट काढा, ज्यानंतर विकलेली वाद्ये कोणालाही न विचारता उघडतील. ज्यांनी प्लगिनला कुलूप लावले, ते काढणे त्यांना अवघड नाही, आणि विकतानाच तसे लेखी द्यायला काहीच हरकत नसावी.