राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना



पोप अकरावे पायस यांनी १९२५ साली स्थापन केलेला ख्रिस्तराजाचा सण आज आपण साजरा करीत आहोत. मिस्सामध्ये राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते, तेव्हा खरे सांगायचे तर आपल्यातील अनेकांचा आवाज खाली येतो. ज्याला मत दिले नाही, ज्याच्या राज्यात कापसाला भाव मिळाला नाही, त्याच्यासाठी देवाकडे काय मागायचे?

संत पौलाने रोमकरांस पत्र लिहिले तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता. तरी अधिकार देवाकडून येतो, म्हणून अधीन राहा, कर द्या, असे तो शिकवतो. संत पेत्रही राजाला मान द्यायला सांगतो. परंपरेनुसार दोघेही त्याच नीरोच्या काळात हुतात्मे झाले. राजा भला होता म्हणून त्यांनी हे लिहिले नाही. मान आहे तो देवाने सोपविलेल्या कामाला. शौल राजा गुहेत हाती सापडला असताना दावीदाने फक्त त्याच्या झग्याचा काठ कापला, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले.

पण सोपविलेल्याचा हिशोबही द्यावा लागतो. पिलाताचा अधिकार वरून आलेला आहे, हे प्रभूने त्याला तोंडावर सांगितले. येशूच्या नावाने शिकवण्याची बंदी झाली तेव्हा प्रेषितांनी ती मानली नाही. फटके खाल्ले, पण दगड उचलला नाही.

आपल्या जिल्ह्यानेही असे पाहिले आहे. इंग्रजी अमलात वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, कारभार मात्र इंग्रजांचा. १९०२ च्या करारानुसार वर्षाला २५ लाख रुपये देऊन घेतलेला. (कैसराचे ते कैसराला द्यायचे, तर इथला कैसर कोणता, हेही आपल्या पूर्वजांना विचारावे लागले असते!) १० जुलै १९३० रोजी वणीचे बापूजी अणे पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापायला गेले. लपून नव्हे, जाहीरपणे. अटक झाली, तुरुंगात गेले. कायदा मोडला, पण शिक्षा चुकवली नाही. तेच अणे १९४८ साली बिहारचे राज्यपाल झाले.

घरपट्टी थकवून ‘सरकारच चोर’ म्हणणे निराळे आणि अणे यांचे तुरुंगात जाणे निराळे. पहिल्यात आपले काहीच जात नाही. आम्हीही हे बोललो आहोत, म्हणून लिहितो.

आजच्या प्रार्थनांत राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना दुसरी आहे. ती मोठ्याने म्हणू या. आणि पुढच्या ग्रामसभेला जाऊन पाण्याचा जाबही विचारू या.