निग्रहाचे यंत्र

जबलपूरहून कुंडममार्गे दिंडोरीकडे जाणाऱ्या डोंगराळ रस्त्यावर चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली जुनी अँबॅसडर न्यावयाची, तर चाके उतरवून, लायनर तपासून, शू ड्रमला लागेपर्यंत आवळून मग किंचित सैल सोडणे क्रमप्राप्त असते. हे काम पाहताना कठोपनिषदातील रथ आठवतो. तेथे इंद्रिये अश्व, मन लगाम आणि बुद्धी सारथी, म्हणजे निग्रह सर्वस्वी बाहेरचा. ड्रममध्ये मात्र फिरणारे चाकच अग्रभागीच्या शूला अधिक घट्ट ओढून घेते. ज्या गतीचा निरोध करावयाचा, तीच निरोधाची अंमलदार होते. वासनेच्या बाबतीत असा बंदोबस्त शक्य आहे काय? दमनवाद्यांचा इन्कार मला मान्य नाही. तथापि लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला, की ड्रम तापून, प्रसरण पावून शूपासून दूर सरतो, आणि पाय तळापर्यंत दाबूनही वेग आवरत नाही.