मावशींच्या वहीतले रकाने

मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतीत एक सात मजली इमारत आहे. रस्ता रुंद करताना आणि नाल्याकाठच्या झोपड्या उठवताना ज्यांची घरं गेली, त्यांना इथे लॉटरीनं खोल्या मिळाल्या. एकेक खोली 225 चौरस फुटांची. शेजारची इमारत इतकी खेटून उभी की खालच्या मजल्यांवर भर दुपारीही ट्यूब लावावी लागते. लिफ्ट बहुतेक बंदच. त्या जिन्यांवरून एक आरोग्य सेविका रोज वर-खाली करायच्या. टीबीच्या गोळ्या पोचवायच्या, गरोदर बायकांची नोंद ठेवायची, बाळांना डोस द्यायला पाठवायचं, असं त्यांचं काम. सगळी इमारत त्यांना मावशी म्हणायची.

2020 च्या उन्हाळ्यात मावशींच्या हातात एक छापील फॉर्म आला. नाव, वय, ताप, खोकला, ऑक्सिजन, साखर, बीपी. बोटाला ऑक्सिमीटर लावायचं, आकडा लिहायचा आणि पुढचं दार वाजवायचं. काही दिवसांतच त्यांच्या लक्षात आलं की वारलेल्या माणसाबद्दल त्यांना जे ठाऊक होतं, ते लिहायला या कागदावर जागाच नाही. दुसऱ्या मजल्यावरचा जरीकाम करणारा माणूस तापात गेला, तेव्हा त्याच्या खोलीत नऊ जण राहत होते. देवनारच्या डंपिंगवर कचरा वेचणाऱ्या बाईंचा स्वॅब घ्यायला माणूस आला तो अंत्यविधीनंतर. रात्रपाळीचा एक वॉचमन धाप लागल्यावर दोन दवाखान्यांच्या दारातून परतला आणि तिसऱ्याच्या वाटेवर रिक्षातच गेला. एक जण आजारी अंगानं गावी निघून गेला आणि तिकडेच वारला. त्याची नोंद मुंबईत नाही, आणि गावात ती तापाच्या नावानं झाली.

मावशींनी मुलीची अर्धी कोरी वही घेतली आणि पट्टीनं रेघा मारल्या. कोणता मजला, खोलीत किती माणसं, काम काय, ताप कधी आला, दवाखाना कधी मिळाला, स्वॅब झाला का. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ओळखीची माणसं नुसत्या वयाच्या आकड्यात संपून जाताना त्यांना बघवत नव्हतं.

साथ ओसरली, कॉलेजं उघडली. पाचव्या मजल्यावरचा एक मुलगा चर्चगेटजवळच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होता. एका संध्याकाळी तो धावतच मावशींकडे आला.

‘मावशी, आज वर्गात काय कळलं माहितीय? जुलै 2020 मध्ये मुंबईत सुमारे सात हजार लोकांचं रक्त तपासलं होतं. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांना कोरोना होऊन गेलेला आणि बाहेरच्या सोसायट्यांत फक्त 16 टक्क्यांना. तरी त्या मानानं आपल्याकडं मरण कमी! एक मुलगा तर म्हणाला, वस्तीतल्या लोकांची प्रतिकारशक्तीच दांडगी.’

‘रक्त कुठल्या वॉर्डात तपासलं?’

‘दहिसरकडं आर उत्तर, चेंबूरकडं एम पश्चिम आणि माटुंगा-सायनकडं एफ उत्तर.’

‘म्हणजे आपल्या शेजारी.’ मावशींनी कपाटातून वही काढली. ‘आता हे वाच.’

मुलगा वाचत गेला. यातली बरीच माणसं त्यानं लहानपणापासून पाहिलेली होती. जरीकामवाल्या काकांनी त्याला सायकल शिकवली होती. ‘स्वॅब झाला का’ या रकान्यात खालपर्यंत बहुतेक ठिकाणी ‘नाही’ होतं.

त्या सर्वेक्षणाला दोष देण्याचं कारण नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्था, नीती आयोग आणि महापालिका यांनी ऐन साथीत ते केलं, म्हणून तर 57 आणि 16 हा फरक जगाला दिसला. लागण रक्तात सापडते. मरण मात्र कागदावर शोधावं लागतं, आणि कागद होण्यासाठी आधी स्वॅब, त्याआधी खाट, त्याआधी गाडी मिळावी लागते. ज्या वस्तीत या तिन्ही पायऱ्या निसटतात तिथलं मरण कमी दिसणारच. त्या कमी दिसण्याला ताकद म्हणणं हा मेलेल्यांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

दुसऱ्या दिवशी मुलगा वही घेऊन सरांकडे गेला. सरांनी ती पानं सावकाश पाहिली आणि विचारलं, ‘तुमच्या वस्तीत साठीच्या पुढची माणसं किती असतील?’

मुलगा घरी येऊन तेच मावशींना विचारू लागला. मावशी म्हणाल्या, ‘आहेतच कुठं रे? टीबीनं, दम्यानं, दारूनं, नाहीतर कामावर पडून माणसं आधीच जातात. उरलेली म्हातारी गावी.’

हे उत्तर ऐकून सरांनी फळ्यावर दोन वस्त्या काढल्या, एक म्हाताऱ्यांची आणि एक तरुणांची. कोरोना वय वाढेल तसा जास्त मारतो, म्हणून तरुण वस्तीत एकूण मरण कमी दिसतं. तुलना करायची तर पंचेचाळिशीतल्या मानखुर्दच्या माणसाची मलबार हिलच्या पंचेचाळिशीतल्या माणसाशी करायला हवी. आणि वस्ती तरुण का, हेही विचारायला हवं. 2009 च्या मुंबई मानवी विकास अहवालात गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व वॉर्ड चोवीस वॉर्डांत तळाला होता. ज्या माणसांनी 2020 मध्ये म्हातारं असायचं, त्यातली कितीतरी त्याआधीच संपली होती. आधीच्या दुर्लक्षानं नंतरचा आकडा सौम्य करून ठेवला होता.

मग सरांनी त्याला एक जुना तक्ता दाखवला. 1918 च्या इन्फ्लुएन्झाचा, मुंबई शहराचा. 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवशी शहरात 768 माणसं गेली. त्या साथीत दर हजारी मृत्यू युरोपियनांत 8.3, पारशांत 9, आणि तेव्हा कनिष्ठ गणल्या गेलेल्या हिंदू जातींत 61.6. मुलगा त्या शेवटच्या आकड्यावर अडकून राहिला. त्याच्या पणजोबांचं कुटुंब त्या काळी याच शहराचे रस्ते झाडत होतं.

‘सर, शंभर वर्षांपूर्वी हे कळलं ते कशामुळं?’

‘नोंदवहीत जातीचा रकाना होता म्हणून.’

कोरोनाच्या रोजच्या आकडेवारीत वय होतं, स्त्री-पुरुष होतं, आधीचे आजार होते. माणूस काय काम करायचा, केवढ्या खोलीत किती जणांत राहायचा, हे नव्हतं. मावशींच्या वहीत होतं.

मुलानं नोंदी मजल्यांप्रमाणे लावल्या. खालच्या मजल्यांवर मृत्यूंची गर्दी दिसली. तो उत्साहात सरांकडे गेला, तर सरांनी थांबवलं. नोंदी थोड्या आहेत. शिवाय आजारी, थकलेली माणसं जिना चढवत नाही म्हणून मुद्दाम खाली राहत असतील, मग दोष मजल्याचा कसा? मुलगा हिरमुसून परतला. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मुद्दाम कोण राहणार? चिठ्ठीत जी खोली निघाली ती निघाली. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास, तरी सहावा मजला आला. नंतर थोड्या लोकांनी अदलाबदल केली, ती कोणी केली ते मला ठाऊक आहे.’

मुलाकडून हे ऐकून सर खुर्चीतून उठले. माणसांना मजले चिठ्ठीनं वाटले गेले असतील, तर वरच्या आणि खालच्या मजल्यांवरची माणसं मुळात सारखीच होती. फरक उरतो तो उजेडाचा आणि हवेचा. संशोधकाला अशी तुलना क्वचितच आयती मिळते, आणि ती इथे वर्षानुवर्षं पडून होती. याच भागातल्या पुनर्वसन इमारतींत पूर्वी एकदा टीबीचा असा अभ्यास झाला होता. डॉक्टर आणि वास्तुशास्त्राचे अभ्यासक घरोघर गेले, आणि इमारतींमधली अपुरी जागा, न पोचणारं ऊन, कोंडलेली हवा यांचा टीबीशी असलेला संबंध त्यांना दिसला. तोवर या वस्तीत टीबी का, या प्रश्नाला ‘लोक अस्वच्छ राहतात’ हे उत्तर पुरत असे.

‘या मावशींना मला भेटायचंय,’ सर म्हणाले.

ते रविवारी आले. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर त्यांना मोबाइलचा टॉर्च लावावा लागला. मावशींच्या खोलीत तिघं बसले आणि प्रश्नावली लिहायला घेतली. सरांनी सवयीनं पहिल्या ओळीत ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ लिहिलं.

मावशी म्हणाल्या, ‘नावानं सुरुवात नका करू. लोकांना वाटतं, खोली काढून घ्यायला आलेत. दार लावून घेतील.’

‘मग काय विचारू?’

‘विचारा, तुमच्याकडं दिवसा दिवा लावावा लागतो का. त्याचं उत्तर द्यायला सगळे बाहेर येतील.’

सरांनी पहिली ओळ खोडली, आणि मुलानं मावशींचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत वर लिहून घेतला.