तानसेनची चिंच

लष्कर, ग्वाल्हेर

चि. छकुलीस,

गाण्याच्या परीक्षेआधी तानसेनच्या समाधीवरच्या चिंचेची चार पानं पाठवा, असं तू लिहिलंस. मी पाठवणार नाही. का, ते सांगतो.

हजीरा भागात महंमद घौस यांच्या भव्य मकबऱ्याच्या आवारात तानसेनची लहानशी, साधी समाधी आहे आणि तिच्याजवळ ही चिंच. तिचा पाला चघळला की गळा गोड होतो, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मोठमोठे गवईही तो तोंडात टाकून गेले, असं इथले लोक सांगतात. गंमत बघ, एरवी गवयाला आंबट वर्ज्य! तू इथे आलीस की आजी तुझ्यापुरती आमटी चिंचेचा कोळ घालण्याआधीच काढून ठेवते.

चिंच मूळची आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशातली. फार पूर्वी आपल्याकडे आली आणि इथलीच झाली. कोकणातल्या फणसाला लागते तशी ओल तिला लागत नाही. आमचा ४५ अंशांचा उन्हाळाही ती सहज काढते. वाढते सावकाश, पण शंभरी ओलांडते. तिचा आंबटपणा टार्टारिक आम्लाचा. कोवळा पाला चघळला की तोंडाला पाणी सुटतं, घशाची कोरड घटकाभर जाते. त्याने षड्ज लागत नाही.

समाधीजवळचं मूळ झाड केव्हाच गेलं. आज आहे ती त्याच्या जागची नंतरची चिंच. झाड आपलं अन्न पानांत तयार करतं. येणारा जो तो ओरबाडू लागला, तर त्याने जगायचं कशावर?

गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला राहिले ते चिंचेच्या पाल्यासाठी नव्हे, वासुदेवबुवा जोशींकडे गाणं शिकायला. इथली गायकी त्यांनी महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुण्यात बसून तू जी परीक्षा देणार आहेस, तिची परंपरा तिथून सुरू होते. ग्वाल्हेरकडून घ्यायचं ते हे, आणि ते तुला तुझ्या गुरुजींकडून मिळतंच आहे.

डिसेंबरात तानसेन समारोहाला जरूर ये. समाधीला नमस्कार कर, चिंच डोळे भरून बघ, पण पान तोडू नकोस. आणि तोवर पहाटेचा खर्ज एक दिवसही चुकवू नकोस.

तुझे आजोबा